चौथं प्रकरण

१२ डिसेंबर, शुक्रवार

पहिला नंबर! आमचा!

घोणसीकर सरांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालून राहिले होते. वर्षाराणी फोन स्पीकरवर टाकून जिन्यातनं ओरडतच वर आली. नांदेड-लातूरची इतकी कॉलेजं, इतिहासाची इतकी प्रोजेक्टं, आणि त्यात आम्हा दोघींचं पहिलं! 'मुखेडचे दोन आजोबा.' माझे दादा निजामोद्दीन आणि तिचे आजोबा माणिकप्पा. एकाच गल्लीत जन्म काढलेले. आम्ही दोघी पण त्याच गल्लीतल्या, पहिलीपासून एका बाकावर, आता नांदेडात एका खोलीत. वर्षीनं मला उचलून गरगर फिरवलं. खालच्या घरमालकीणबाई ओरडल्या — ओरडू दे!

सर म्हणाले, "परीक्षकांना चौथं प्रकरण फार भिडलं. एका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं."

चौथं? आपली तर तीनच होती.

वर्षी म्हणाली, "अगं, मी जरा वाढवलं. तू लग्नाला गेली होतीस ना." खरंय. जमा करायच्या आठवड्यात मी उमरीला होते, खालाच्या मुलीचं, कशिशचं लग्न. "सगळं तपासून टाकलंय. तू भिऊ नको."

उद्या वाचते. आज पेढे!

१३ डिसेंबर

वाचलं. परत वाचलं. 

चौथ्या प्रकरणाचं नाव 'अंधारातला उजेड'. १९४८ चा सप्टेंबर, निजामाचं राज्य गेलं ते दिवस. आमच्या घरात त्याला फक्त 'वो चार दिन' म्हणतात, आणि ते सुद्धा क्वचित. प्रकरणात असं आहे की वर्षीच्या पणजोबांनी, सिद्धलिंगप्पांनी, दादांच्या सगळ्या घरादाराला आपल्या ज्वारीच्या पेवात तीन दिवस लपवलं. जमिनीखालच्या त्या कोठारात त्यांची बायको दोरीनं भाकरी खाली सोडायची. आणि पुढं दादांच्या तोंडी, अवतरणात —

"त्या पेवाच्या अंधारात मला माणुसकीचा उजेड दिसला. आम्ही सारे सुखरूप बाहेर आलो."

माझे दादा! जे तिसरा चहा हवा असला तर नुसता कप वाजवतात! ते असलं वाक्य बोलतील?

त्यांचं सगळं बोलणं माझ्या फोनमध्ये आहे. मीच तीनदा बसून घेतलंय. उर्दू शाळा, मास्तरची छडी, बाजारात हरवलेली शेळी — सगळं हसून हसून सांगितलं. त्या दिवसांपाशी आले आणि थांबले. "नक्को बेटा. वो चार दिन छोड दे." मी सोडले. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी एक ओळ लिहिली होती: 'त्या दिवसांबद्दल ते बोलले नाहीत.'

ती ओळ काढून टाकलीय.

१४ डिसेंबर, रविवार

विचारलं. चहा करता करता विचारलं, भांडण नको म्हणून. झालंच.

"तू नव्हतीस," ती म्हणाली. "सर म्हणले, त्या दिवसांशिवाय प्रोजेक्ट अधुरं वाटतंय. मी काय करू? दादा तर बोलले नाहीत."

"मग?"

"एआयला सांगितलं. आधीची तिन्ही प्रकरणं टाकली, म्हणलं पुढचं लिही. इतकं सुरेख लिहिलं त्यानं, कहकशां! मला खरंच रडू आलं."

"ते खोटं आहे, वर्षे."

"खोटं कसं? तपासलंय मी! आमच्या आजोबांना सगळं वाचून दाखवलं. हाव म्हणले. असंच झालं म्हणले."

 सर पहिल्याच तासाला म्हणाले होते — एआय वापरा, लपवू नका, पण वाक्य न् वाक्य तपासा. पुस्तकातलं असेल तर पुस्तक उघडा, माणसाचं असेल तर माणसाला विचारा. तिनं माणसाला विचारलं. पण माझ्या माणसाला नाही!

"माझ्या दादांचे शब्द आहेत ते. त्यांना का नाही विचारलंस?"

"त्यांना त्रास होतो म्हणून तूच म्हणालीस ना? आणि वाईट काय लिहिलंय गं? तुमच्या घराबद्दल चांगलं, आमच्या घराबद्दल चांगलं."

चहा तसाच राहिला. साय धरली त्याच्यावर.

१६ डिसेंबर

सरांना भेटले. स्टाफरूममध्ये अजून हार-तुरे पडलेले. सर खुशीत होते, मला बघून खुर्ची ओढली. मी सांगत गेले तसा चेहरा उतरत गेला. माझ्यासाठी नव्हे. प्रोजेक्टसाठी.

"हे खोटं आहे कशावरून?"

"दादा असं कधीच बोलले नाहीत, सर. रेकॉर्डिंग आहे."

"रेकॉर्डिंगमध्ये ते गप्प आहेत. नाही म्हणालेत का? दोन जिवंत साक्षीदार. एक हो म्हणतो, एक गप्प आहे. इतिहासात याला काय म्हणतात?"

 सर मऊ होऊन म्हणाले, "कहकशां, असल्या गोष्टींची आज गरज आहे. शब्द इकडचे तिकडचे झाले असतील, भावना तर खरी आहे ना? कॉलेजच्या वेबसाइटवर टाकलंय आपण. लातूरला चार तारखेला दोन्ही आजोबांचा सत्कार आहे. खोटंच असेल तर खरं काय झालं ते घेऊन ये."

हेच सर! वाक्य न् वाक्य तपासा म्हणणारे!

दार आपटून बाहेर आले. रागानं.

२० डिसेंबर, शनिवार. मुखेड

एसटी उशिरा, त्यात उभ्यानं. घरी आले तर अब्बांनी आमच्या बक्षिसाचं पेपरातलं कात्रण दुकानाच्या आरशाला चिकटवलेलं. अब्बांचं शिलाईचं दुकान आणि माणिकप्पा आजोबांचं किराणा, मधे एक भिंत. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं.

अब्बा हसले. "पेवात तीन दिवस? आत दम घुटून मरतो माणूस! पेव उघडलं की लोक आधी कंदील सोडतात, विझला तर उतरत नाहीत."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे हे खोटं आहे?"

सुईत दोरा ओवायला घेतला त्यांनी. 

"बुरा क्या लिखा उसने? अच्छाच लिखा ना? राहू दे. परवा माणिकप्पाचा पोरगा येऊन हातात हात घेऊन गेला माझा. मला रोज सकाळी शटर त्याच्या शेजारीच उघडायचं असतंय."

मी म्हणाले, "दादांच्या नावावर खोटं बोलायचं?"

"तुझे दादा काय म्हणतात ते विचार, मग मला शिकव."

अब्बांकडून हे ऐकायचं होतं मला! अम्मीनं जेवायला हाक मारली. गेले नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी अंगणात ऊन होतं. दादा बाजेवर. मी वाचून दाखवलं, मराठीतलं दखनीत करून करून. डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "फिरसे पढ." परत वाचलं.

मग बोलले. मी फोन काढला नाही. ते दखनीत बोलले, मी इथं जमेल तसं लिहिते.

त्यांचे अब्बा हैद्राबादेत अडकलेले. घरात अम्मी, मोठा भाऊ, दादा, आणि खातून.

खातून कोण?

"माझी बहीण. चार वर्षांची."

मला माहीतच नाही! या घरात वीस वर्षं राहिले, हे नाव कधी ऐकलं नाही!

झुंजुमुंजू झालेलं. गल्लीच्या टोकाला आरडाओरडा. अम्मी तिघांना घेऊन सिद्धलिंगप्पांच्या परसदाराशी गेली. त्यांच्या बायकोला ती बहीण मानायची. दार वाजवलं. आतून कोण म्हणून विचारलं. तिनं नाव सांगितलं. आत बोलणं झालं, हळू. "मग आतनं कडी लागली," दादा म्हणाले. "शिवी नाही दिली. हाकललं नाही. नुसती कडी."

तिथनं ज्वारीत. ज्वारी डोक्याच्या वर होती. पाऊस. खातूनला आधीच ताप होता, भिजली. रडायची, तर तोंडावर हात ठेवायला लागायचा. "हात माझा होता," म्हणाले.

ज्वारीत चौघं गेले. परत तिघं आले.

 मग मी विचारलं, "दादा, हे लिहू?"

"नक्को."

"पण ते खोटं—"

"त्यांना पण भ्या होतं, बेटा. त्या दिवशी कुणाचंच दार उघडलं नाही. एकट्याचं नाव कशाला? त्यानंतर सिद्धलिंगप्पानं मान वर करून माझ्या अम्मीकडं कधी बघितलं नाही. मरेपर्यंत."

आता काय करू? खरं माझ्याकडं आहे आणि ते मला वापरायचं नाही!

२७ डिसेंबर

वर्षाराणी शिरूर अनंतपाळला मावशीकडं गेलीय, न सांगता. बरं झालं. खोलीत एकटं बरं वाटतं. नाही वाटत.

४ जानेवारी, रविवार. लातूर

लिहायचं नव्हतं आज. पण लिहिते.

मला वाटलं होतं दादा येणार नाहीत. आले! अब्बांनी जीप करून आणलं. पांढरा कुर्ता, नवी टोपी. माणिकप्पा आजोबा आधीच आलेले, कपाळाला भस्म, धोतर इस्त्रीचं. दोघांना स्टेजमागच्या खोलीत बसवलं. मी चहा घेऊन गेले तर दोघं हळू आवाजात बोलून राहिले होते, मला बघून थांबले. दादांचा चेहरा कडक होता. मला वाटलं, आज बोलणार. आज सांगून टाकणार!

सभागृह भरलेलं. वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीवर, पण मधे पर्स ठेवलेली. सरांनी चौथं प्रकरण मोठ्यानं वाचलं. आवाज कापरा करून वाचलं. 'माणुसकीचा उजेड' आल्यावर टाळ्या.

मग माईक माणिकप्पा आजोबांकडं. ते उठले. खुर्चीला धरून उभं राहायला वेळ लागला. "हे जे लिवलंय —" म्हणाले, आणि थांबले. 

तेवढ्यात दादांनी हात लांब करून माईक घेतला. घाईनं. जवळजवळ ओढलाच.

"हाव," दादा म्हणाले. "खरं हाय. असंच झालं."

लोक उभे राहिले टाळ्या वाजवायला. माणिकप्पा आजोबा उपरण्यात तोंड घालून रडायला लागले. फोटो, फोटो, फोटो. सरांनी माझ्याकडं बघितलं — बघ, म्हणल्यासारखं.

बाहेर जीपपाशी मी दादांना गाठलं. "का?"

"थकलोय मी. घरी चल म्हण तुझ्या अब्बाला."

"दादा, खातूनचं काय?"

त्यांनी काच वर केली.

वर्षीनं खोटं लिहिलं, सरांनी झाकलं, अब्बांनी राहू दे म्हणलं — सगळं सोसलं. पण दादा! ज्यांच्यासाठी मी सगळ्यांशी भांडून राहिले, त्यांनीच भर सभेत मला खोटं पाडलं. टाळ्यांसाठी? शालीसाठी?

९ जानेवारी

अम्मीचा फोन. "दादा पूछ रहे, फोन क्यों नहीं करती." म्हणाले, परीक्षा आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

लायब्ररीत पुनम भेटली. एफवायची आहे, चुणचुणीत, सगळ्या सीनियरना ताई ताई करते. तिची असाइनमेंट त्याच काळावर.

"ताई, तुमचा संदर्भ दिलाय मी. पण तसाच नाही उचलला हां! सर म्हणतात ना तपासा म्हणून. दोन वेगवेगळ्या एआय ॲपला विचारलं. दोन्ही तेच सांगतात."

तिनं फोन दाखवला. 'मुखेड येथील निजामोद्दीन यांच्या कुटुंबाला शेजारी सिद्धलिंगप्पा यांनी पेवात आश्रय दिला. कुटुंबातील सर्व सदस्य सुखरूप राहिले.' खाली संदर्भ. आमच्या कॉलेजची वेबसाइट. माझं नाव, वर्षाराणीच्या आधी. अक्षरांच्या क्रमानं.

सर्व सदस्य सुखरूप.

पुनम बघतच राहिली. "काय झालं, ताई? चुकलं का काही?"

"चुकलंय," मी म्हणाले. "तू हे काढ."

"पण दोन ठिकाणी तपासलंय! आणि तुमचे आजोबा स्वतः स्टेजवर म्हणाले ना? व्हिडिओ आहे."

काय सांगणार होते मी तिला? तिनं तर सगळं नीट केलं होतं!

वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत परत धुतलं.

१७ जानेवारी

सरांना लेखी दिलं, प्रोजेक्ट मागे घ्या म्हणून. सरांनी वाचलं, घडी घातली, परत माझ्या हातात दिलं.

"तुझे दादा भर सभेत हो म्हणाले. आता तू नाही म्हणतेस. लोक कुणाचं ऐकतील? आणि प्रोजेक्ट दोघींचं आहे, वर्षाराणीची सही आण."

संध्याकाळी वर्षी मावशीकडून खोलीवर आली होती. कपाटातनं स्वेटर काढून राहिली होती. मी कागद पुढं केला. तिनं वाचला, परत दिला.

"आजोबा हाव म्हणले. दादा हाव म्हणले. तुलाच कशाला त्रास आहे, कहकशां?"

पहिलीपासून एका बाकावर! डबा उघडला की आधी माझा खायची!

२२ जानेवारी

एक गोष्ट आज बसमध्ये डोक्यात आली, आणि तेव्हापासून जात नाही. माणिकप्पा आजोबांना मी स्वतः कधी विचारलंच नाही. ते हाव म्हणले, हे वर्षाराणी सांगते. सरांना पण तिनंच सांगितलं. पेपरात पण तेच. स्टेजवर त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. त्यांच्या तोंडून हाव कुणी ऐकलंय?

शनिवारी मुखेडला जाते. म्हातारा माणूस आहे, घाबरवायचं नाही. नुसतं विचारायचं.

२४ जानेवारी, शनिवार. मुखेड

घरी न जाता थेट किराणा दुकानात गेले. ते गल्ल्यामागं एकटेच. मला बघून पोराला हाक मारली नाही, स्टूल दाखवलं.

"आजोबा, वर्षीनं ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?"

"न्हाई म्हणलो," ते म्हणाले. "काय म्हणणार दुसरं? असं काही झालं न्हाई, आमी दार उघडलं न्हाई, हे लिवू नको, पोरी — हात जोडून म्हणलो. दोनदा म्हणलो."

त्यांनी गल्ला बंद केला.

"लातूरला त्येच सांगणार हुतो मी. आत बसलो तव्हा तुझ्या दादाला, निजामला सांगितलं आधी — आज समद्यांसमोर बोलतो म्हणून. त्यो म्हणला, बोलू नको. पोरगी उघडी पडंल तुझी. मी ऐकलं न्हाई, हुबा ऱ्हायलो." तराजूतली वजनं उगीच इकडची तिकडं केली. "तू बघितलंस की. त्यानं माईकच घेतला माझ्या हातातनं."

बाहेर एक बाई साखर मागायला आली. त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"आमी त्याची भैन न्हाई वाचवली, बाय. त्यानं माझी नात वाचवली."

घरी आले. दादा बाजेवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बाजूला सरकून जागा केली. मी बसले. अजून बसलेय, इथंच बसून लिहितेय.